जोडीतलं दुसरं नाव

माणसाचा चेहरा साचेबाई हमखास विसरायच्या. नाव तर त्याहून आधी विसरायच्या. पण कानात एकदा टॉर्च मारला की त्यांना सगळं आठवायचं. "तुम्ही तीन वर्षांपूर्वी आला होतात ना? डाव्या कानाचं वळण इतकं अवघड की माझ्या नाकी नऊ आले होते," असं त्या म्हणाल्या की समोरचा माणूस उगाचच कान चाचपून बघायचा.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, मागच्या अंगाला, कर्णयंत्र केंद्राच्या दोन खोल्या होत्या. तिथे सत्तावीस वर्षं त्या कानांचे साचे काढत आल्या होत्या, म्हणून साचेबाई. आधी दोरा बांधलेला कापसाचा बोळा कानात अगदी आतपर्यंत सरकवायचा. मग गुलाबी आणि पांढरी पेस्ट तळहातावर मळून पिचकारीने कानात भरायची. पाच मिनिटं माणसाने जबडा हलवायचा नाही. बायका बसल्या असतील तर साचेबाई दरडावून सांगायच्या, "पाच मिनिटं नवऱ्याची तक्रार नको, साचा बिघडतो." पुरुष बसला असेल तर काही सांगायची गरज पडत नसे. साचा निघाला की त्यावरून कानात घालायची गुंडी करायची, कानसेने घासून गुळगुळीत करायची, नंबर घातलेल्या डबीत ठेवायची आणि डबी भिंतीवरच्या फळीवर लावायची.

ऐकू न येणाऱ्यांशी आयुष्यभर बोलून त्यांना एक सवय लागली होती. समोरच्याच्या डोळ्यांत बघून, ओठ स्पष्ट हलवून, एकेक शब्द सुटा करून त्या बोलायच्या. घरीसुद्धा. त्यांचे यजमान बस डेपोतून निवृत्त झालेले मेकॅनिक. ते वैतागून म्हणायचे, "अगं, मीठ कमी आहे एवढंच सांगायचंय ना? मी बहिरा नाही."

तर अशा या बाई वयाच्या बावन्नाव्या वर्षी प्रोग्रामिंग शिकायला गेल्या. त्याला कारण झालं एक रजिस्टर.

केंद्राची पद्धत साधी होती. साचा दिला की नव्वद दिवसांनी मुख्य भांडारातून यंत्र यायचं. नव्वदावा दिवस सुट्टीचा आला तर पुढचा कामाचा दिवस. त्या तारखेला माणसाला पोस्टाने कार्ड जायचं, की या आणि यंत्र घेऊन जा. ज्यांना ऐकूच येत नाही त्यांना फोन करून काय उपयोग, म्हणून कार्ड. हे सगळं एका जाडजूड रजिस्टरमध्ये होतं, आणि रजिस्टर सांभाळणारे कारकून निवृत्त झाल्यावर ते साचेबाईंच्या गळ्यात पडलं. एकदा दोन पानं एकमेकांना चिकटली आणि अठरा माणसं राहून गेली. खिडकीशी अशी जुंपली की वरच्या मजल्यावरची माणसं बघायला खाली आली. साचेबाईंनी मुख्य कार्यालयाच्या संगणक विभागाला पत्र लिहून प्रोग्राम मागितला. उत्तर आलं, दोन वर्षं लागतील.

"दोन वर्षांत माझे निम्मे म्हातारे वर जातील," त्या डॉक्टर मॅडमना म्हणाल्या. "मीच करते."

डॉक्टर मॅडम म्हणजे केंद्राच्या प्रमुख. हसू दाबत त्या म्हणाल्या, "करा."

कर्मचाऱ्यांसाठी दर शनिवारी एका शाळेच्या संगणक खोलीत वर्ग भरायचा. शिकवणारे सर साचेबाईंच्या मुलाच्या वयाचे. दुसऱ्याच शनिवारी सरांनी फळ्यावर एक चौकोन काढला आणि म्हणाले, "क्लास म्हणजे साचा. साचा एकदा केला की त्यातून हव्या तेवढ्या वस्तू काढायच्या. त्या वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट."

"साफ चूक," मागच्या बाकावरून आवाज आला.

वर्ग वळून बघायला लागला.

"सर, साचा एकाच कानाचा असतो. दुसऱ्याच्या कानात घातला तर यंत्र शिट्टी मारतं. तुम्ही म्हणताय तो कोरा फॉर्म. फॉर्म सगळ्यांना एकच असतो, भरला की ज्याचा त्याचा होतो."

सरांनी फळ्यावरचा चौकोन पुसून टाकला. पुढच्या आठवड्यापासून त्यांनी दुसऱ्या तुकडीला फॉर्मचंच उदाहरण द्यायला सुरुवात केली. साचेबाईंना हे कुणीतरी सांगितलं, आणि त्या चार दिवस मान ताठ करून फिरत होत्या.

मग आला ॲरे. एकाला एक लागून खण, प्रत्येक खणाला नंबर, आणि पहिल्या खणाचा नंबर शून्य. शून्यापासून मोजायचं हे साचेबाईंना पटलं नाही, पण त्यांनी सोडून दिलं. त्यांची खरी हरकत वेगळीच होती. "खण आधीच ठरवायचे? साठ म्हणजे साठ? आणि एकसष्टावा माणूस आला तर त्याला काय जिन्यात बसवू?" तेव्हा सरांनी वाढता ॲरे दाखवला, त्याचं नाव ॲरेलिस्ट. त्यात हवी तेवढी नावं मावतात. मधलं नाव काढून टाकलं की मागची सगळी आपोआप एकेक घर पुढे सरकतात, रिकामी जागा राहत नाही. रजिस्टरमधली खाडाखोड बघून डोळे दुखलेल्या बाईला हे म्हणजे स्वर्ग वाटला.

अकरा शनिवारांत प्रोग्राम उभा राहिला. प्रत्येक माणूस म्हणजे एक ऑब्जेक्ट. त्यात नाव, पत्ता, कान डावा की उजवा, डबीचा नंबर आणि तारीख. तारखेच्या क्रमाने सगळे एका यादीत. रोज सकाळी प्रोग्राम यादीच्या वरच्या टोकापासून निघायचा आणि प्रत्येकाला एकच विचारायचा, तुझी तारीख आजची आहे का? असेल तर कार्ड छापायचं, नाव यादीतून काढायचं आणि पुढे जायचं. नसेल तर नुसतं पुढे जायचं. साचेबाईंनी तो सहा नावांवर चालवून पाहिला. घोळ नको म्हणून सहाही जणांना वेगवेगळी तारीख दिली होती. सहा दिवसांची सहा कार्डं बिनचूक निघाली.

पहिल्या दिवशी पहिलं कार्ड निघालं ते एका आजोबांचं. प्रिंटरमधून ते गरमागरम बाहेर आलं तेव्हा साचेबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी सगळ्या खात्याला चहा पाजला, आणि चहावाल्यालासुद्धा यादी म्हणजे काय ते समजावून सांगितलं.

पुढचे पाच महिने कौतुकाचे गेले. खिडकीशी भांडण नाही, चिकटलेली पानं नाहीत. व्हरांड्यातल्या लांब बाकावर पूर्वी माणसं खेटून बसायची, तिथे आता पाय पसरून बसता येऊ लागलं. "गर्दी कशी आटोक्यात आलीय बघा," डॉक्टर मॅडम येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. तापाने फणफणत असतानाही साचेबाई सकाळी येऊन प्रोग्राम चालवायच्या आणि मग घरी जाऊन झोपायच्या. फळीवर मात्र तयार डब्या साचत चालल्या होत्या. त्याचा राग त्या लोकांवर काढायच्या. "साचा देऊन जातात आणि फिरकत नाहीत. फुकटची किंमत नसते हेच खरं!"

कौतुक मुख्य कार्यालयापर्यंत पोचलं. हाच प्रोग्राम बाकीच्या अकरा केंद्रांत लावावा असं ठरत होतं, आणि तो बघायला बुधवारी तिथले साहेब येणार होते. परिपत्रकात साचेबाईंचं नाव छापून येणार होतं. मेकॅनिकनी शेजारीपाजारी सांगून टाकलं होतं. स्वतः साचेबाईंनी कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त दोन्ही नणंदांना, तिन्ही भावांना आणि सरांना कळवलं होतं.

त्याच आठवड्यात, सोमवारी, ते पहिल्या कार्डाचे आजोबा यंत्राची पेटी घेऊन आले. बरोबर आजी होत्या. आजोबांनी रिकामी पेटी टेबलावर ठेवली आणि कानातल्या यंत्राकडे बोट केलं.

"हे परत घ्या."

"का? बिघडलं?"

"बिघडलं असतं तर बरं झालं असतं. चांगलं चालतंय, तोच तर ताप आहे." आजोबा खुर्चीत टेकले. "पूर्वी आम्ही दोघं ओरडून बोलायचो. दोघांनाही निम्मंच कळायचं. संसार सुरळीत चालला होता. आता हिचं सगळं ऐकू येतं, आणि माझं हिला काही कळत नाही. मी हळू बोललो की हिला वाटतं मी हिच्याबद्दलच पुटपुटतोय."

आजी आळीपाळीने दोघांच्या ओठांकडे बघत होत्या.

"आणि पुटपुटत नाही का तुम्ही?" साचेबाईंनी विचारलं.

"कधीकधी," आजोबा म्हणाले. "पण ते जाऊ दे. हिला यंत्र मिळू दे, मग मी घालतो. आम्ही एकाच दिवशी आलो होतो. हिचं कार्ड आलंच नाही. हिनेच फॉर्ममध्ये काहीतरी चुकीचं लिहून ठेवलं असणार. हिचं नेहमीचंच."

हे शेवटचं वाक्य आजींना ओठांवरून बरोबर कळलं. ते त्यांनी पाच महिन्यांत पुष्कळदा बघितलं होतं. त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"चुकीचं काही नसेल. नंबर लागला नसेल अजून," साचेबाई म्हणाल्या. "यादी चुकत नाही."

आजींनी पर्स उघडली आणि त्यातून चौपदरी घडीचा एक कागद काढून पुढे केला. साचेबाईंनी तो उलगडला. त्यावर त्यांचंच अक्षर होतं: 'नाव यादीत आहे. कार्ड येईल. यादी चुकत नाही.' शेवटच्या तीन शब्दांखाली रेघ होती. मग त्यांना आठवलं. दोन महिन्यांपूर्वी या आजी एकट्याच आल्या होत्या. साचेबाईंनी नाव शोधलं, सापडलं, आणि पुढच्या माणसाची घाई होती म्हणून तारखेकडे न बघता हा कागद लिहून त्यांच्या हातात दिला होता.

या वेळी त्यांनी तारीख बघितली. आजोबांची आणि आजींची तारीख एकच होती. प्रोग्राम सुरू झाला तोच दिवस.

मग त्यांनी पूर्ण यादी वरपासून उघडली. शून्य नंबरच्या खणात आजी होत्या. त्यांच्याखाली दुसरं नाव, तारीख उलटून गेलेली. त्याखाली तिसरं, तेही तसंच. साचेबाई खाली खाली सरकत राहिल्या आणि मोजत राहिल्या. तारीख उलटून गेलेली एकशे सत्त्याऐंशी माणसं यादीच्या डोक्यावर बसून होती. त्यांनी मान वर करून फळीवरच्या डब्यांकडे पाहिलं. ज्यांना रोज शिव्या घातल्या, त्यांच्याच डब्या होत्या त्या. त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं.

प्रोग्राम त्यांनी तीनदा वाचला. चूक दिसेना. बाई हाताने काम करणारी, डोळ्यांवर तिचा भरवसा कमीच. त्यांनी चार डब्या टेबलावर ओळीने मांडल्या, चारही आजच्या तारखेच्या असं धरलं, आणि प्रोग्रामसारखं बोट पहिल्या डबीवर ठेवलं. आजची? हो. कार्ड छापलं, डबी उचलली. मागच्या तिन्ही डब्या एकेक घर पुढे सरकवल्या. आता पुढे जायचं. बोट दुसऱ्या घरावर गेलं.

आणि तिथेच थांबलं. दुसरी डबी सरकून पहिल्या घरात आली होती. बोट तर पुढे निघून गेलं होतं. दुसऱ्या डबीला कुणी काही विचारलंच नाही. उद्या विचारलं तर तिची तारीख आजची नसणार, कालची असणार. परवा परवाची. प्रोग्राम तिला बघणार आणि पुढे जाणार, रोज, जन्मभर. त्यांनी पुन्हा केलं. पहिली गेली, दुसरी राहिली, तिसरी गेली, चौथी राहिली.

एकाच दिवशी आलेल्यांतला दुसरा. नवरा-बायको आले की फॉर्म नवऱ्याचा आधी भरला जायचा. म्हणून राहिलेल्या यादीत बायकाच जास्त होत्या. आणि त्यांनी तक्रारही केली नाही, कारण आपला नंबर नंतर लागतो याची त्यांना आयुष्यभराची सवय होती. गर्दी आटोक्यात आली होती ती अशी.

साचेबाईंनी चारही डब्या टेबलावरच एकत्र केल्या. "बुधवारी दुपारी या," त्या म्हणाल्या. "काहीतरी घोटाळा झालाय, बघते मी." हे त्यांनी टेबलाकडे बघत, मान खाली घालून म्हटलं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्या पेशंटकडे न बघता बोलल्या. आजोबांना ऐकू आलं. आजींना नुसता भांग दिसला.

यंत्र मात्र त्यांनी परत घेतलं नाही. "दोन दिवस घाला तसंच," त्या आजोबांना म्हणाल्या.

दुरुस्ती सोपी निघाली. सरांना फोन केला तर ते म्हणाले, "शेवटून सुरुवात करा बाई. मागून पुढे या. मग जे सरकतील ते आधीच विचारून झालेले असतील." आणि तारीख आजची आहे का असं न विचारता आजची किंवा उलटलेली आहे का असं विचारायचं. सगळा मिळून दोन ओळींचा खेळ. संध्याकाळी गवारीच्या शेंगा मोडत त्यांनी मेकॅनिकना सगळं सांगितलं, आणि सांगताना सवयीप्रमाणे ओठ ठळक हलवायलाही विसरल्या.

"दुरुस्त झालं ना? मग झालं की," मेकॅनिक म्हणाले. "राहिलेल्यांची कार्डं रोज थोडीथोडी काढ. महिन्याभरात सगळे येऊन जातील. साहेब बुधवारी येऊ देत, बघू देत, जाऊ देत. कुणाला कळणार आहे?"

"कुणालाच नाही."

"मग?"

साचेबाई शेंगा मोडत राहिल्या. शेंगा संपल्या. मेकॅनिक उठून खिडकीशी गेले, परत आले, पुन्हा गेले.

"एकदा डेपोत," खिडकीबाहेर बघतच ते म्हणाले, "एका गाडीचा एक नट माझ्याकडून राहून गेला होता. गाडी रूटवर गेली, परत आली, मी गुपचूप बसवला. काही झालं नाही. कुणाला कळलं नाही." त्यांनी खिडकीची कडी घट्ट केली. "पण ती गाडी समोरून आली की मी अजून फुटपाथवर आत सरकून उभा राहतो."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"कुणालाच सांगितलं नाही. तेच तर सांगतोय."

बुधवारी साहेब आले. बरोबर दोन माणसं आणि एक फाईल. डॉक्टर मॅडमनी टेबलावर नवा कपडा घातला होता. साचेबाईंनी संगणकाला हात लावला नाही. फळीवरच्या चार डब्या काढल्या, ओळीत मांडल्या, आणि पहिल्या डबीवर बोट ठेवलं.

"आधी चूक दाखवते, मग प्रोग्राम दाखवते."

त्यांनी दाखवली. मॅडमचा चेहरा उतरत गेला. साहेब डब्यांकडे बघत राहिले. त्यांच्या बरोबरच्या माणसाने फाईल उघडली आणि मिटली.

"म्हणजे पाच महिने एकशे सत्त्याऐंशी लोक..." साहेब म्हणाले.

"हो. माझ्यामुळे."

"आणि आता दुरुस्त आहे?"

"आहे."

"मग हे आम्हाला सांगायची काय गरज होती?" साहेबांनी हे रागाने विचारलं नाही, त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता.

"तुम्ही हा अकरा ठिकाणी पाठवणार होतात. एखाद्या ठिकाणी जुना गेला असता तर? तिकडेही नवरा-बायको बरोबरच येतात ना?"

मग त्यांनी प्रोग्राम चालवला, शेवटापासून. प्रिंटर सुरू झाला तो थांबेचना. मध्ये दोनदा कागद भरावा लागला. साहेबांचा चहा गार झाला. निघताना ते म्हणाले, "आम्ही विचार करू." कार्यालयात सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाला याचा अर्थ विचारावा लागत नाही. परिपत्रक आता निघणार नव्हतं, आणि निघालं तरी त्यात नाव असणार नव्हतं. साचेबाईंना वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. तीन भाऊ आणि दोन नणंदा डोळ्यांसमोरून एकामागून एक गेल्या.

"मला आधी सांगायला काय झालं होतं?" दार लागल्यावर मॅडम कडाडल्या. मग खुर्चीत बसल्या आणि कार्डांचा ढीग हातात घेऊन चाळत राहिल्या. "बाक रिकामा झाला म्हणून मी खूश होते, बाई. बहिरेपणा काय पाच महिन्यांत निम्मा होतो? मलाही कळायला हवं होतं." जाताना त्या राहिलेल्यांची यंत्रं सोडण्याच्या भांडाराच्या कागदावर सही करून गेल्या, आणि पुढचे सहा शनिवार केंद्र उघडं राहील अशी सूचना लिहायला बसल्या.

दुपारी आजी खुर्चीत येऊन बसल्या. आजोबा शेजारच्या स्टुलावर, यंत्र कानात घालून, तोंड वाकडं करून. साचेबाईंनी आजींची डबी उघडली, गुंडीची एक कड किंचित टोचेलशी वाटली ती कानसेने घासली, फुंकर मारली आणि गुंडी हलकेच वळवून कानात बसवली. जागच्या जागी बसली. यंत्र चालू केलं. आजी दचकल्या. वरचा पंखा, बाहेरची चाकांची खुर्ची, कुणाच्या तरी चपला, सगळं एकदम आत शिरलं. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

यंत्र बसवल्यावर चाचणी घ्यायची एक रीत होती. माणसाने ओठ वाचू नयेत म्हणून साचेबाई तोंडासमोर एक कार्ड धरायच्या आणि साधे शब्द म्हणायच्या. पाणी, दार, चमचा. माणसाने ते परत म्हणून दाखवायचे. आताही त्यांनी ढिगातलं सगळ्यात वरचं कार्ड उचललं, प्रिंटरमधून शेवटी निघालेलं, आजींचंच, आणि तोंडासमोर धरलं. पण शब्द वेगळेच आले.

"आजी, तुमचं नाव यादीत सगळ्यात वर होतं. रोज सकाळी सगळ्यात आधी तुमचंच नाव वाचलं जायचं आणि सोडून दिलं जायचं. तुमचा फॉर्म बरोबर होता. चूक माझी होती."



साचेबाईंनी कार्ड खाली घेतलं. "ऐकू आलं?"

"आलं," आजी म्हणाल्या. स्वतःचाच आवाज ऐकून त्या क्षणभर थांबल्या, मग तो त्यांनी खाली आणला. "सगळं आलं. पुन्हा म्हणा."

साचेबाईंनी पुन्हा म्हटलं. या वेळी कार्ड न धरता, डोळ्यांत बघून.

"आता ह्यांच्याकडे बघून म्हणा," आजी म्हणाल्या.

साचेबाई वळल्या. आजोबांचा हात हळूच कानामागच्या बटणाकडे निघाला होता.

"हात खाली घ्या," आजी म्हणाल्या. "पाच महिने मी तुमचे ओठ वाचले. आता तुम्ही ऐका."

आजोबांनी हात खाली घेतला आणि मांडीवर ठेवला. साचेबाईंनी एकेक शब्द सुटा करून, अगदी स्पष्ट, तिसऱ्यांदा सांगितलं.